कूलिंग टॉवर बंद पडायच्या आधी काय काय सांगतो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत मेंटेनन्स बघतो. मे महिन्यात आमच्या कूलिंग टॉवरचा (मशिन्सचं गरम पाणी पंख्याच्या हवेने गार करतो तो) गिअरबॉक्स जाम झाला, मोटर आणि गिअरबॉक्सला जोडणारं कपलिंग तुटलं, एक ब्लेड पण गेलं आणि सगळी मशिन्स उभी राहिली. व्हायब्रेशन स्विच होता, पण तो ट्रिप झाला तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं. आता मालक म्हणतायत ऑनलाइन मॉनिटरिंग लावा. एक व्हेंडर मोटरवर वायरलेस व्हायब्रेशन सेन्सर लावून देतो म्हणतोय, मोबाईलवर रीडिंग दिसेल. घ्यावं का?

उत्तर: घ्या, पण त्याने सांगितलंय तसं घेऊ नका. तुमचा जो स्विच आहे तो पंखा भयंकर हलायला लागला की बंद करायसाठी असतो, आगाऊ सांगणं हे त्याचं कामच नाही. बेअरिंग किंवा गिअरचा दात खराब व्हायला लागतो तेव्हा हादरा इतका बारीक असतो की त्या स्विचला पत्ताही लागत नाही.

व्हेंडरला पहिला प्रश्न हा विचारा की सेन्सर किती हर्ट्झपासून मोजतो. बरेच स्वस्त सेन्सर १० ते १००० हर्ट्झ मोजतात. तुमचा पंखा समजा ३०० आरपीएमने फिरतो, म्हणजे सेकंदाला ५ फेरे, म्हणजे ५ हर्ट्झ. ब्लेडवर क्षार साचून बॅलन्स गेला किंवा एका ब्लेडचा अँगल सरकला तर हादरा नेमका ह्या ५ हर्ट्झलाच येतो आणि सेन्सरला तो दिसतच नाही, मोबाईलवर सगळं हिरवंगार! ६०० आरपीएमच्या आसपास किंवा खाली फिरणाऱ्या मशिनसाठी २ हर्ट्झपासून मोजा असं आयएसओच्या व्हायब्रेशनच्या स्टँडर्डमध्येच (२०८१६-३, आधीचं १०८१६-३) दिलेलं आहे, ते त्याला दाखवा.

दुसरं म्हणजे जागा. मोटर बाहेर असते, हात पोचतो, म्हणून सगळे तिथेच सेन्सर चिकटवतात. तुमचं गेलं काय, तर गिअरबॉक्स. तो आत, पंख्याखाली, गरम वाफेत. तर सेन्सर गिअरबॉक्सच्या बॉडीवर पाहिजे, पाण्यात टिकणारा, केबल बाहेर काढलेली. खर्च थोडा वाढेल पण मोटरवरच्या सेन्सरला तिथलं फारसं काही कळत नाही.

आणि गिअरबॉक्स जाम झाला म्हटल्यावर मला आधी तेलाचीच शंका येते. टॉवर बंद झाला की गिअरबॉक्स गार होतो आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायचं छिद्र) ओली हवा आत ओढतो, असं रोज होत राहिलं की तेलात पाणी जातं, ते दुधाळ होतं आणि बेअरिंगला तेलाचा पातळ थर मिळत नाही. म्हणून तेलाच्या टेंपरेचरला एक पीटी-१०० (टेंपरेचरचा सेन्सर) लावा, तेलाच्या लेव्हलची पाइप टॉवरबाहेर आणून तिला साइट ग्लास (पातळी दिसणारी काच) लावा, आणि तेलाचं सॅंपल काढून डोळ्यांनी बघायची सवय सोडू नका.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं म्हणजे मोटरचा करंट. कपलिंग तुटलं की मोटर फिरत राहते, पंखा थांबतो आणि करंट एकदम खाली येतो. ओव्हरलोड रिले जास्त करंट बघतो, कमी झालेला नाही, त्यामुळे तो गप्पच राहतो. पॅनेलमध्ये सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) टाकून कमी करंटचा अलार्म लावा, हे काम तुमचा इलेक्ट्रिशियन पण करेल.

प्रश्न: आमचा टॉवर एप्रिलच्या उन्हात बरा चालतो आणि जुलैत बाहेर एवढं गार असताना बेसिनचं (टॉवरखालच्या टाकीतलं) पाणी जास्त गरम येतं. ऑपरेटर म्हणतो सेन्सर खराब आहे. खरं काय? (एक वाचक, सातपूर)

उत्तर: सेन्सर बहुतेक बरोबर आहे हो. टॉवरमधलं पाणी मुख्यतः बाष्पीभवनाने गार होतं, त्यामुळे साधा थर्मामीटर काय दाखवतो त्यापेक्षा वेट बल्ब (थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून हवेत धरल्यावर येतं ते टेंपरेचर) किती ते महत्त्वाचं. एप्रिलच्या दुपारी नाशकात ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली तर वेट बल्ब साधारण २१ येतो. जुलैत २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली तर तो २५ च्या आसपास जातो. पाणी वेट बल्बच्या खाली जाऊच शकत नाही, म्हणून पावसाळ्यात ते गरम येणारच.

नुसतं पाण्याचं टेंपरेचर बघून टॉवर चांगला की वाईट ठरवता येत नाही ते ह्यामुळेच. टॉवरजवळ, पण त्याची वाफ येणार नाही अशा जागी, आर्द्रता आणि टेंपरेचरचा सेन्सर लावा आणि गार पाणी वजा वेट बल्ब, म्हणजे अप्रोच, सतत नोंदवा. गरम आणि गार पाण्यातला फरक, म्हणजे रेंज, तुमच्या लोडवर आणि फ्लोवर ठरते, तिच्यावरून टॉवरची तब्येत कळत नाही. अप्रोच मात्र बोलतो. सारखाच लोड, सारखाच फ्लो, तसंच हवामान आणि तरी अप्रोच ५ अंशांचा ७ झाला, तर फिल (ज्याच्यावरून पाणी पसरत खाली येतं ती जाळी) चोकअप, पाणी फवारणारे नोझल बंद नाहीतर पंख्याची हवा कमी. बाटलीसारखा छोटा टॉवर असेल तर वरचा स्प्रिंकलर फिरतोय का आधी ते बघा. (हिवाळ्यात वेट बल्ब घसरला की अप्रोच आपोआप थोडा वाढतो, त्याला घाबरू नका.)

बोअरचं पाणी वापरत असाल तर कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यात क्षार किती ते दाखवणारा) लावाच आणि ब्लोडाउन, म्हणजे क्षार वाढलेलं थोडं पाणी काढून टाकणं, त्याच्यावर चालवा. पाणी ६ अंशांनी गार करताना फिरत्या पाण्यातलं साधारण १ टक्का उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तेच पुढे फिलवर दगडासारखे बसतात.

प्रश्न: सर, आमच्याकडे मॉनिटरिंगची सिस्टीम आहे पण अलार्म इतके वाजतात की नाइट शिफ्टला सगळ्यांनी म्यूट करून ठेवलेत. (गोंदे)

उत्तर: हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं आणि चूक शिफ्टच्या पोरांची नाही, लिमिट लावणाऱ्याची आहे. व्हेंडरने कॅटलॉगमधला आकडा टाकलेला असतो. तुमचा पंखा चांगल्या अवस्थेत किती हलतो ते आधी काही आठवडे नोंदवा, त्याच्यावर लिमिट ठरवा, पंखा सुरू होतानाच्या काही सेकंदांना आणि वाऱ्याच्या एखाद्या झोताला सूट द्या, म्हणजे रीडिंग थोडा वेळ टिकलं तरच अलार्म. दोन पातळ्या ठेवा. पहिलीला सकाळी बघा, दुसरीला पंखा बंद. आणि तो बंद करायचा निर्णय पॅनेलमधल्या पीएलसीनेच (मशिन चालवणारा छोटा कंट्रोलर) घ्यायला हवा, इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका, कारण पावसात लाइट आणि नेटवर्क एकदमच जातात. जुना मेकॅनिकल व्हायब्रेशन स्विच काढू नका. दुसरी पातळी वाजली की कोणाला फोन जाणार त्याचं नाव पॅनेलवर लिहा, आणि वर चढणाऱ्याने आधी ब्रेकर पाडून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात.