डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आधी सांगा

छोट्या वेबसाइटच्या होस्टिंगबद्दल आलेल्या प्रश्नांमध्ये एकच गोंधळ पुन्हापुन्हा दिसतो. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल ही एकच वस्तू आहे असं धरून लोक विचारतात, "साइट बंद पडलीय, कंपनी बदलू का?" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली ठेवायची सर्व्हरवरची भाड्याची जागा, आणि ईमेल म्हणजे टपालाची पेटी. त्या तीन वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात आणि तीन वेगळ्या तारखांना संपू शकतात. हे मनात ठेवून पुढचं वाचा. प्रश्नकर्त्यांची नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : डोमेन विकत घेतलं आहे. आता होस्टिंग वेगळं घ्यावं लागेल का? (नाशिक)

हो.

प्रश्न : आमचा घरगुती होमस्टे आहे. खोल्या, दर, फोटो, नकाशा अशी आठ-दहा पानांची साइट हवी. 'अनलिमिटेड होस्टिंग, महिना फक्त ६९ रुपये' अशी जाहिरात पाहिली. घ्यावं का? (गुहागर)

घ्या, पण ६९ रुपयांत मिळतंय अशा समजुतीत राहू नका. असा दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे आज एकरकमी भरणाऱ्यासाठी असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. रिन्यूअलचा दर खाली बारीक अक्षरांत असतो आणि तो दुप्पट-तिप्पट असणं ही या धंद्याची रीतच आहे. पैसे भरण्याच्या पानावर 'साइट सुरक्षा', 'एसईओ पॅक' अशा वस्तूंवर आधीच टिक केलेली असते. ती काढा.

'अनलिमिटेड' हे जागेपुरतं असतं. खरी मर्यादा प्रोसेसर, मेमरी आणि फायलींच्या संख्येवर असते. त्या संख्येला 'आयनोड' म्हणतात. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर आणि सर्व्हरवर साठवलेली प्रत्येक ईमेल त्यात मोजली जाते. प्रोसेसर-मेमरीची मर्यादा ओलांडली की अशा अनेक सर्व्हरांवर साइटवर येणाऱ्याला साइटऐवजी '५०८' या आकड्याची सूचना दिसते, आणि हे दिवाळीच्या सुटीत, चौकशा वाढलेल्या असतानाच होतं. '९९.९ टक्के अपटाइम' या हमीचा हिशोबही करून ठेवा. साइट वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी कंपनी शब्दाला जागली असंच होतं.

तुमच्या दहा पानांना साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांचा सामाईक सर्व्हर, पुरून उरेल. पहिल्यांदा एका वर्षाचंच घ्या. रिन्यूअलचा दर, आयनोडची मर्यादा आणि बॅकअप परत चढवायचे पैसे पडतात का, ही तीन उत्तरं पैसे भरण्याआधी लेखी मागा.

प्रश्न : आमचा सर्व्हर अमेरिकेत आहे. मुंबईतला घेतला तर गुगलमध्ये वर येऊ का? (कोल्हापूर)

तेवढ्याने नाही. गिऱ्हाईक इथलं असेल तर मुंबईतला सर्व्हर बरा, साइट थोडी चटकन उघडते. पण तुमच्या पहिल्याच पानावर सहा-सहा एमबीचे फोटो आहेत. ते आधी लहान करा.

प्रश्न : २०१६ साली ओळखीच्या एका मुलाकडून कारखान्याची वेबसाइट करून घेतली. डोमेन, होस्टिंग सगळं तोच बघायचा, आम्ही दरवर्षी पैसे द्यायचो. दोन महिने तो फोन उचलत नाही. पुढच्या महिन्यात मुदत संपते असं कळलं. तोवर दुसरी होस्टिंग कंपनी बघून ठेवू का? (चाकण)

होस्टिंग कंपनीचा विषय आज बाजूला ठेवा. होस्टिंग एका दुपारीही बदलता येतं. तुमच्या बिलांवर, गेटवरच्या पाटीवर आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी असलेलं नाव कुणाच्या मालकीचं आहे, हा खरा प्रश्न आहे. जमीन घेताना सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघितल्याशिवाय आपण विसारसुद्धा देत नाही. इथे मात्र इतकी वर्षं पैसे भरले आणि उतारा एकदाही मागितला नाही! पैसे कुणीही भरलेले असोत, रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, लेखी धनी तोच, ज्याचं नाव 'रजिस्ट्रंट' म्हणून नोंदलेलं आहे.

आज, उद्या नव्हे, डोमेनची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनच्या 'लुकअप' पानावर तुमचं डोमेन टाकून बघा. डॉट इन असेल तर त्याची नोंदवही निक्सी या भारतीय संस्थेकडे असते. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल, पण रजिस्ट्रार कोण, मुदत नेमकी कधी संपते आणि नेमसर्व्हर (हे डोमेन कुठल्या होस्टिंगकडे जातं ते सांगणारे सर्व्हर) कुठले, हे दिसेल. मग त्या रजिस्ट्रारला लिहा. काही रजिस्ट्रार खातेदार नसलेल्या माणसाकडूनही रिन्यूअलचे पैसे घेतात. घेत असतील तर भरून टाका. त्याने मालकी बदलत नाही, पण एक वर्ष हाताशी येतं. क्रम उलटा करू नका. आधी रिन्यू, मग हस्तांतर.

त्यानंतर त्या मुलाला गाठा, आणि भांडायला जाऊ नका. तो बहुधा कुठेतरी नोकरीला लागला असेल आणि तुमचं काम त्याच्या डोक्यातूनच गेलं असेल. तुम्ही त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा आणि त्याला डोमेन त्या खात्यात ढकलायला सांगा. हे सगळ्यात सोपं. रजिस्ट्रार बदलायचाच असेल तर डोमेनवरचं बदलीचं लॉक काढून 'ऑथ कोड', म्हणजे बदलीचा पासवर्ड, द्यायला सांगा. कोड मिळाल्यावर डॉट कॉमची बदली साधारण पाच दिवसांत होते. मात्र नवी नोंदणी किंवा आधीची बदली होऊन ६० दिवस झालेले नसतील तर ती अडू शकते.

मुदत टळली तर काय, हेही सांगतो, कारण यावर ऐकीव माहिती फार फिरते. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रार आपल्या मर्जीने ० ते ४५ दिवसांची सवलत देतो. नाव काढून टाकलं की ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ सुरू होतो. त्यात नाव परत मिळतं, पण जबर आकार भरून. मग ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर कुणालाही घेता येतं. यावरून "अडीच महिने आहेत की" असं सांगणारा शहाणा प्रत्येक ऑफिसात असतो. त्याचं ऐकू नका. बरेच रजिस्ट्रार पहिल्याच टप्प्यात नाव लिलावाला लावतात, आणि साइट व ईमेल तर मुदत टळल्यावर एक-दोन दिवसांतच बंद पडू शकतात.

दुसरी ऐकीव गोष्ट म्हणजे 'ऑटो-रिन्यू लावलंय, काळजी नाही'. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याचे, नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. तेव्हापासून परदेशी कंपनीकडे दिलेल्या भारतीय कार्डावरून आपोआप पैसे कापले जाणं बऱ्याचदा फसतं. कंपनी ईमेल पाठवते, पण ती ईमेल त्याच डोमेनवरची असेल तर? मुदत टळली की ती पेटीच बंद, आणि शेवटच्या सूचना कुणाला मिळतच नाहीत. म्हणून रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ईमेल पत्ता त्या डोमेनवरचा कधीही नसावा. मोबाइल नंबरही मालकाचा असावा, सोडून गेलेल्या अकाउंटंटचा नव्हे.

मुलगा सापडलाच नाही किंवा पैसे मागू लागला, तर सगळ्या पावत्या, त्याचे मेसेज आणि ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर त्याचं प्रमाणपत्र घेऊन बौद्धिक संपदेची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशा तक्रारीच्या वाटा आहेत. पण त्या वाटा ट्रेडमार्कचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू यांवर चालतात. तुमचं प्रकरण त्यात बसतं की नाही, हे कागद न बघता मी सांगणार नाही.

न्यू जर्सीच्या एका वाचकानेही हेच विचारलं आहे. मंडळाचं डोमेन माजी अध्यक्षांच्या खासगी खात्यात, अध्यक्ष आता टेक्ससला. त्यांनाही हेच उत्तर. संस्थेच्या नावाने खातं उघडा, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा आणि कार्यकारिणी बदलली की चेकबुकासोबत तोही सुपूर्द करा.

प्रश्न : होस्टिंगवाले एसएसएल सर्टिफिकेटचे वर्षाला ४,००० रुपये मागतात. म्हणतात, फुकटचं कच्चं असतं. (अहिल्यानगर)

साइट आणि ती बघणारा यांच्यातली देवाणघेवाण सांकेतिक करणं, म्हणजे एन्क्रिप्शन, हे या सर्टिफिकेटचं काम. त्यात कच्चं-पक्कं असं काही नसतं. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा २०१५च्या अखेरीपासून फुकट सर्टिफिकेट देते आणि त्याने होणारं एन्क्रिप्शन विकतच्यासारखंच असतं. महागड्या सर्टिफिकेटात संस्थेच्या कागदपत्रांची पडताळणी असते. साध्या दुकानाला तिची गरज नाही. पतसंस्था वगैरे असेल तर ऑडिटरला विचारा. तसंही सर्टिफिकेटची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. वर्षातून एकदा बसवून विसरायचे दिवस संपले. ते आपोआप रिन्यू होतं का, एवढंच विचारा. 'नाही' म्हणाले तर कंपनी बदला.

प्रश्न : बेदाण्याची निर्यात करतो. आमच्या कोटेशनच्या ईमेल परदेशी ग्राहकाच्या स्पॅममध्ये जातात. होस्टिंग बदलून फरक पडेल का? (तासगाव)

पडेलच असं नाही. शेअर्ड होस्टिंगवर शेकडो गिऱ्हाइकांची टपाल एकाच आयपी पत्त्यावरून जाते. त्यातल्या एकाने स्पॅम पाठवला की सगळेच बदनाम. धंद्याची ईमेल मी होस्टिंगवर ठेवत नाही, वेगळ्या ईमेल सेवेकडे ठेवतो. पेटीमागे महिना थोडे पैसे जातात, पण अडकलेल्या एका कंटेनरपुढे ते काहीच नाहीत. शिवाय पुढे होस्टिंग बदललं तरी ईमेल हलत नाही.

त्याआधी डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमधल्या, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी तपासून घ्या. ईमेल खरंच तुमच्याकडून आली का, हे समोरचा त्यांवरून ताडतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. तुमच्या डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी दिसतात. एकच असावी लागते, दोन असल्या की तपासणी नापास. पण त्या स्वतः खोडू नका. आहेत त्यांचा स्क्रीनशॉट काढा आणि जाणकाराला समोर बसवून एकत्र करून घ्या.

प्रश्न : व्हीपीएस घ्यावं का? मित्र म्हणतो फास्ट असतं. (ठाणे)

व्हीपीएस म्हणजे स्वतः सांभाळायचा आभासी सर्व्हर. तो रोज सांभाळणारा माणूस तुमच्याकडे आहे का? नसेल तर नको.

प्रश्न : ग्रंथालयाच्या साइटवर जुन्या स्मरणिका, फोटो असं बरंच साहित्य आहे. कंपनी रोज बॅकअप घेते. तेवढं पुरे ना? (डोंबिवली)

नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच जागी होते. ते कायमचे गेले. कंपनीच्या अटी उघडून बघा. बॅकअप 'सोयीपुरता, हमी नाही' अशा अर्थाचं वाक्य बहुतेक ठिकाणी सापडेल.

महिन्यातून एकदा फायली आणि डेटाबेस, दोन्ही, उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा. आणखी एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर. आणि वर्षातून एकदा तो बॅकअप खरंच दुसरीकडे चढवून साइट उघडते का ते पाहा. ही शेवटची गोष्ट कुणीच करत नाही.

प्रश्न : दिवाळी अंकाची जुनी साइट नव्या सर्व्हरवर हलवली. आता मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. (छत्रपती संभाजीनगर)

जुना सर्व्हर अजून बंद केलेला नाही ना? नसेल तर करू नका, पुढचं बिल भरा. अक्षरांच्या जागी चित्रविचित्र रोमन चिन्हं दिसत असती तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) वाचला जातोय, असं म्हटलं असतं. ते उलटवता येतं. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं तिथून परत येत नाहीत. जुन्या ठिकाणाहूनच डेटाबेस पुन्हा, 'यूटीएफ-८ एमबी४' हे एन्कोडिंग धरून, उतरवावा लागेल. मराठी नावं असलेल्या फोटोंच्या फायलीही झिप करून हलवताना मोडतात, तेही तपासा. हे काम 'वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) येतं' म्हणणाऱ्या कुणालाही देऊ नका. मायएसक्यूएल डेटाबेस हाताळणारा माणूस गाठा.

प्रश्न : गणपतीपासून गुगलमध्ये आमच्या शाळेच्या नावाखाली जपानी अक्षरं आणि बुटांच्या जाहिराती दिसतात. साइट उघडली तर ठीक दिसते. सवड मिळाली की लक्ष घालू म्हणतो. (सातारा)

सवड? गणपतीपासून तुमच्या साइटवर दुसऱ्याचं दुकान चालू आहे. हा वर्डप्रेसवरचा जुना, ठरलेला प्रकार आहे. गुगलला एक पान दाखवायचं आणि तुम्हाला दुसरं. बहुतेकदा तो न अपडेट केलेल्या प्लगिनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) किंवा 'प्रीमियम थीम फुकट' म्हणून उतरवलेल्या चोरीच्या थीममधून शिरतो. नुसता पासवर्ड बदलून जात नाही, चोरदार मागे ठेवलेलं असतं. होस्टिंग कंपनीला आजच कळवा, साइट तात्पुरती बंद ठेवा आणि जाणकाराकडून स्वच्छ प्रतीवरून पुन्हा उभारून घ्या. प्रवेशअर्जात मुलांचे पत्ते-फोन साठत असतील तर संस्थेच्या वकिलालाही सांगा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, आणि तो नियम तुम्हाला कसा लागू होतो हे त्यांनी ठरवायचं आहे.

प्रश्न : 'डोमेन रिन्यूअल'चं डॉलरमधलं बिल ईमेलवर आलंय, आज शेवटची तारीख म्हणतात. भरू का? (मडगाव)

नका भरू. तुमचा रजिस्ट्रार कोण ते बघा, त्याच्या साइटवर स्वतः लॉगिन करून मुदत तपासा. बिल त्याचं नसेल तर कचऱ्यात टाका. घाईत भरले असतील तर आधी बँकेला फोन करा आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.