पाच गोल खाल्लेल्या गोलकीपरला

पोरा,

रविवारी मॅच संपल्यावर ग्लोव्हज पिशवीत कोंबून तू मागच्या गेटनं निघून गेलास, ते मी पाहिलं. मुद्दाम हाक मारली नाही. पाच गोल खाल्लेल्या गोलकीपरला त्या दिवशी कुणाचंच बोलणं नको असतं. आता तीन दिवस झालेत, डोकं थोडं निवलं असेल, म्हणून लिहितोय.

इटलीचा गोलकीपर दिनो झोफ, हे नाव तू ऐकलं असशील, पण तुझ्या मोबाइलमध्ये त्याच्या क्लिपा नसतील. त्याच्या खेळात क्लिपा करण्यासारखं फार काही नव्हतंच. 24 सप्टेंबर 1961 ला, एकोणीस वर्षांचा असताना, तो उदिनेसे क्लबकडून पहिल्यांदा सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, उभा राहिला. समोर फिओरेन्तिना. निकाल 5-2. गोल किती खाल्ले ते तूच मोज. त्या हंगामात उदिनेसे खालच्या विभागात गेली, आणि झोफही संघाबरोबर खाली गेला.

त्याच्या आधीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही क्लबांनी त्याला बुटका म्हणून परत पाठवलं होतं. आजीनं रोज आठ अंडी खायला घातली आणि पोरगा पाच वर्षांत 33 सेंटिमीटर वाढला, असं इटलीत अजून कौतुकानं सांगतात. अंड्यांनीच उंची वाढली यावर माझा काही विश्वास नाही, त्या वयात पोरं वाढतातच. तेव्हा उद्यापासून आईच्या मागे अंड्यांसाठी लागू नकोस.

उदिनेसेनंतर चार वर्षं मांतोव्हा, मग पाच वर्षं नापोली. 1968 मध्ये इटलीकडून पदार्पण केलं आणि त्याच वर्षी युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकला. पण 1970 च्या विश्वचषकात हा बाकावर आणि गोलमध्ये आल्बेर्तोसी. ज्या युव्हेंटसनं लहानपणी नाकारलं होतं, तिथं तो 1972 मध्ये पोचला, वयाच्या तिसाव्या वर्षी. लीगचं विजेतेपद तोवर एकदाही मिळालं नव्हतं. नंतर सहा मिळाली.

मला मात्र विजेतेपदांपेक्षा दुसराच आकडा मोठा वाटतो. युव्हेंटसमध्ये तो अकरा हंगाम खेळला. तेव्हा लीगमध्ये सोळा संघ होते, म्हणजे हंगामाला 30 मॅचेस. या 330 पैकी एकही त्यानं चुकवली नाही. ताप, मुरगळलेलं बोट, आदल्या आठवड्यात खाल्लेला फालतू गोल, काहीही असो, रविवारी पोलांच्या मधे झोफ उभा. परवा तू म्हणालास, ‘पुढच्या मॅचला दुसऱ्याला उभं करा.’ त्याचं उत्तर मी इथंच देऊन टाकतो: नाही करणार.

झोफनं गोल खाल्लेच नाहीत, असं समजू नकोस. 1972 ते 1974 या काळात आंतरराष्ट्रीय सामन्यांत 1142 मिनिटं त्याच्यावर गोल झाला नव्हता. मग 1974 च्या विश्वचषकात, म्युनिकला, हैतीच्या सानोननं त्याला चकवून गोल मारला. ब्राझीलनं नाही, जर्मनीनं नाही, हैतीनं! इटली ती मॅच 3-1 नं जिंकली, पण लोकांना आठवतो तो सानोनच. गोलकीपरच्या नशिबी हे असतंच.

1978 मध्ये तर हद्द झाली. अर्जेंटिनात हॉलंडच्या हाननं खूप लांबून शूट मारला आणि चेंडू आत गेला. तिसऱ्या जागेच्या मॅचमध्ये ब्राझीलच्या नेलिन्यो आणि दिरसेऊनंही बॉक्सच्या बाहेरूनच मारले. झोफ तेव्हा 36 वर्षांचा. म्हाताऱ्याला लांबचं दिसत नाही, अशी टीका झाली. प्रशिक्षक बेआर्झोत मात्र त्यालाच उभं करत राहिला, आणि चार वर्षांनी, चाळिसाव्या वर्षी, तो कर्णधार म्हणून स्पेनला गेला.

तिथं 5 जुलै 1982 ला बार्सेलोनात ब्राझीलविरुद्धची मॅच झाली. सगळे इटलीच्या रोस्सीच्या तीन गोलांबद्दल बोलतात, बोलू देत. तू शेवटची मिनिटं शोधून बघ. इटली 3-2 नं पुढे, ब्राझीलला बरोबरी पुरेशी. फ्री किकवर ऑस्करचा हेडर खाली, कोपऱ्याकडे आला. झोफ पडला आणि चेंडू रेषेवरच दोन्ही हातांनी दाबून धरला. मुठीनं ढकलला असता तर समोर ब्राझीलचे खेळाडू टपलेलेच होते. चेंडू हातातून सुटता तर विश्वचषक तिथंच संपला असता. ब्राझीलवाले गोल गोल म्हणून ओरडले, पण पंचांनी दिला नाही. सहा दिवसांनी माद्रिदमध्ये त्यानं कप उचलला. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष पेर्तीनींबरोबर पत्ते खेळतानाचा फोटो आहे. टेबलावर विश्वचषक ठेवलेला आणि गडी आपल्या हातातल्या पत्त्यांत गुंग.

आता तुझ्याबद्दल. पहिला, चौथा आणि पाचवा गोल तुझ्यावर नाहीत. तुझी बचावफळी झोपली होती आणि ते मी त्यांना सांगितलंय. तिसरा फ्री किकचा. भिंत लावताना तू स्वतःच भिंतीमागे गेलास, चेंडू दिसलाच नाही. हे एका दिवसात सुधारतं.

दुसरा मात्र तुझाच. साधा क्रॉस होता, बाजूनं गोलसमोर आलेला. दोन पावलं बाजूला सरकून छातीशी घेता आला असता. तू जागेवरून उडी मारलीस, एका हातानं, कारण कडेला पोरं मोबाइल धरून उभी होती. खोटं असेल तर सांग. झोफ उड्या कमी मारायचा, कारण चेंडू येण्याआधी तो तिथं पोचलेला असायचा. बघणाऱ्याला वाटायचं, शूट मारणाऱ्यानं याच्याच अंगावर मारला.

शनिवारी सहाला ये. ग्लोव्हज आण, मोबाइल घरी ठेव. पहिला अर्धा तास उडी मारायची नाही, फक्त पावलं. क्रॉस मी स्वतः मारणार आहे. गुडघा दुखतोय, त्यामुळे वेडेवाकडे येतील, तेवढं सांभाळून घे.

तुझा,
सर

ता. क. रविवारची जर्सी तू मैदानावरच टाकून गेलास. धुऊन ठेवली आहे.