प्रशिक्षण मोफत आहे, पण बुडणाऱ्या रोजाचे काय?

प्रश्न : आम्ही धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राहतो. मुलगी आयटीआयमधून वीजतंत्री उत्तीर्ण झाली आहे. दिवाळीनंतर आम्ही नवरा-बायको ऊसतोडीसाठी गुजरातमधील बारडोलीकडे जातो. एका खासगी संस्थेने ४०,००० रुपये भरून तीन महिन्यांचा सोलर कोर्स आणि नोकरीची हमी सांगितली आहे. मुकादमाकडून जास्तीची उचल (आगाऊ मजुरी) घेऊन पैसे भरावेत का? – एक आई

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

उचल घेऊन हे शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उचल म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी आधीच खर्च करणे, आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामात मुलीच्याच हाती कोयता येईल. नोकरीची हमी तोंडी असेल तर तिला काहीही अर्थ नाही. ती लेखी मागावी आणि मागच्या तुकडीतील मुले आज कोठे, किती पगारावर काम करतात, हे त्या मुलांना फोन करूनच विचारावे.

मात्र आपल्या मुलीने निवडलेली दिशा योग्य आहे. आपल्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवण्याचे आहे, तर शेतांमध्ये सौर कृषिपंप बसत आहेत आणि बसवलेला प्रत्येक पंप कधी ना कधी दुरुस्तीला येणारच आहे.

शुल्क न घेता हे काम शिकवणारी सूर्यमित्र योजना केंद्र सरकारने २०१५ मध्ये आणली. सुमारे तीन महिन्यांच्या या निवासी प्रशिक्षणात राहणे-जेवणेही मोफत असते. पण ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, तेथे ‘मोफत’ एवढ्याने भागत नाही, कारण शिकण्याच्या काळात हाती काहीच येत नाही. म्हणून मुलीने आधी वेतन देणारी वाट धरावी, असे मी सुचवते.

ती वाट शिकाऊ उमेदवारीची आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आस्थापनेला उमेदवाराशी नोंदणीकृत करार करावा लागतो आणि दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. आयटीआय उत्तीर्णांसाठी २०१९ च्या नियमांनी ते किमान ७,००० रुपये ठरवले, त्यामुळे याहून कमी देऊ करणाऱ्याकडे जाऊ नये. महावितरण आणि महानिर्मिती वीजतंत्री उमेदवार घेतात, तसेच खासगी कंपन्याही घेतात. उमेदवारीचे वर्ष संपल्यावर तेथेच नोकरी मिळेल असे कायदा सांगत नाही, हे मनाशी धरून चालावे. पण महावितरणच्या विद्युत सहायकासारख्या भरतीत आयटीआयची पात्रता लागते आणि वर्षभराचा अनुभव पुढच्या प्रत्येक मुलाखतीत बोलतो. शिवाय ऊसतोडीचा कोयता, म्हणजे मजुरी मिळवणारी जोडी, आपल्या दोघांचा आहे, त्यामुळे ती सोबत आली नाही म्हणून घराची मिळकत निम्मी होणार नाही. सात हजारांत शहरात राहून घरी फार पाठवता येणार नाही, हेही खरे. पण तिचा खर्च तिचा ती भागवू शकेल.

करारावर सही करण्यापूर्वी रोजचे काम नेमके काय असेल, हे तिने विचारलेच पाहिजे. सौर तंत्रज्ञ म्हणून नेऊन वर्षभर पॅनल पुसायला आणि उचलायला लावण्याचे प्रकार घडतात. घरातील वायरिंग मेन स्विच बंद करून हाताळता येते. ऊन असेपर्यंत पॅनल मात्र वीज बनवतच राहते, आणि ओळीने जोडलेल्या पॅनलमध्ये काहीशे व्होल्टचा एकदिश (डीसी) दाब असतो. भार चालू असताना कनेक्टर ओढला तर उठणारी ठिणगी सहजी विझत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करणे, मल्टिमीटरने दाब तपासणे, अर्थिंग मोजणे, छपरावर सेफ्टी बेल्ट बांधणे, हे जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिकावे लागते. जेथे मुलीच्या हाती मल्टिमीटर दिला जाईल, तेथेच तिने जावे. कामाच्या जागी स्वच्छतागृह आहे का, संध्याकाळी परतण्याची सोय काय आणि आणखी मुली आहेत का, हे प्रश्न आपण आई म्हणून निःसंकोच विचारावेत.

आता दिवाळीची वाट पाहू नये. तिने ज्या आयटीआयमधून परीक्षा दिली, तेथील प्राचार्यांना भेटून शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या विभागाकडे या आठवड्यातच चौकशी करावी आणि केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवावे. बँक खाते तिच्याच नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. आपण ऊसतोडीला निघालात तरी नोंदणीत दिलेला मोबाइल मुलीजवळच ठेवावा, कारण मुलाखतीचा निरोप त्याच क्रमांकावर येईल.