झोपेत मंदावणारी नाडी

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून रोज पहाटे मिरामारच्या किनाऱ्यावर धावतो. मनगटावरील घड्याळात झोपेतील ठोके ४४ दिसल्यापासून रात्री दोनदा उठून तो आकडा पाहतो. काही धोका आहे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : गाढ झोपेत व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती उतरते, आणि नियमित धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलत असल्यामुळे ४० ते ५० ठोके बहुधा निर्धोकच असतात. (उठून पाहिलेला आकडा तर जागेपणीचाच!) मात्र भोवळ, शुद्ध हरपणे, धाप किंवा घोरताना श्वास अडकणे असे काही असल्यास, अथवा मेटोप्रोलोलसारखी हृदयाची गती कमी करणारी गोळी चालू असल्यास, डॉक्टरांना भेटून ईसीजी व गरजेनुसार २४ तासांची होल्टर तपासणी (अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने ठोक्यांची सलग नोंद) करून घ्यावी, गोळी परस्पर बंद करू नये. घड्याळ तूर्त रात्री कपाटात ठेवावे.