अमेरिकेत छोटी बांधकाम कंपनी आहे. कामगारांकडे ओशाचे (अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेचे) 10 तासांच्या प्रशिक्षणाचे कार्ड असले की प्रशिक्षणाची जबाबदारी संपते का?

नाही. हे कार्ड म्हणजे फक्त धोक्यांची तोंडओळख. केंद्रीय ओशा ते सक्तीचे करत नाही. काही राज्ये आणि शहरे करतात. न्यूयॉर्क शहरात तर मोठ्या साइटवरच्या कामगाराला 40 तासांचे प्रशिक्षण लागते.

मालक म्हणून तुमच्यावर असते ते वेगळेच. 6 फूट किंवा त्याहून उंचावर, कठड्याविना काम असेल तर रेलिंग, जाळी किंवा हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा-पट्टा) हवा. तो कसा बांधायचा, कसा तपासायचा, हे जाणकार माणसाने शिकवायचे आणि त्याची लेखी नोंद ठेवायची: कामगाराचे नाव, तारीख, शिकवणाऱ्याची किंवा मालकाची सही. काम किंवा साधने बदलली, अथवा माणूस शिकवलेले विसरलेला दिसला, तर पुन्हा शिकवा.

भाषेकडे मात्र मनापासून लक्ष द्या. कामगाराला कळेल अशाच भाषेत शिकवणे बंधनकारक आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाची इंग्रजी कागदावर सही घेणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, आणि पडतो तो तोच.

छोट्या कंपन्यांसाठी ओशाची मोफत सल्लासेवा आहे. तपासणी-दंडाच्या विभागापासून ती वेगळी असते, तेव्हा न घाबरता बोलवा. सापडलेले गंभीर धोके मात्र ठरलेल्या मुदतीत दूर करावेच लागतात.