कुर्सीनामा, पिढं आणि सारसाचा पाय

सडक अर्जुनीकडच्या एका वाचकाने विचारले आहे: आजोबांच्या जुन्या दाव्याच्या कागदांत 'कुर्सीनामा सोबत जोडला आहे' असे वाक्य सापडले. हा कुर्सीनामा म्हणजे काय, त्याचा खुर्चीशी काही संबंध आहे का, आणि आज वारसानाच्या अर्जावर हाच शब्द लिहिला तर चालेल का?

आधी राग काढून टाकतो, म्हणजे पुढचे नीट लिहिता येईल. निवडणूक लागली की कोणत्या ना कोणत्या पेपरात 'कुर्सीनामा' नावाचे सदर सुरू होते. आत मजकूर काय, तर कोणी कोणाची खुर्ची ओढली. अरे बाबांनो, कुर्सीनामा म्हणजे वंशावळ! खुर्चीच्या भानगडी सांगायच्या तर 'खुर्चीपुराण' म्हणा, कोणी अडवले आहे?

तीस वर्षे तहसीलच्या आवारात अर्जनवीस म्हणून बसलो, तेव्हा असे शेकडो कागद या हातांनी काढले. माथ्यावर मूळ पुरुष, त्याखाली आडवी रेघ, तिला लोंबणाऱ्या उभ्या रेघा आणि प्रत्येकीच्या टोकाला एक नाव. अमका वल्द (मुलगा) तमका, फौत (वारलेला). अमकी जौजे (बायको) तमका, हयात. ज्याच्या मागे मूलबाळ नाही त्याच्यापुढे 'लावल्द'. तिथे रेघ संपते.

'वंशावळ' शब्दात अडकत नाही. वंश म्हणजे मुळात बांबू, पेरामागून पेर तशी पिढीमागून पिढी, हे गडचिरोलीच्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. 'वंशवृक्ष' मला कधी रुचला नाही. आमच्या कागदात मूळ पुरुष वर आणि पतवंडे तळाशी. मुळे आभाळात नि फांद्या खाली, असे झाड गीतेच्या पंधराव्या अध्यायाबाहेर मी पाहिलेले नाही.

आता कुर्सी. शब्द अरबी, तिथे तो अरमाईकमधून आला आणि त्याच्याही मागे अक्कदी भाषेतला 'कुस्सू' उभा आहे. अर्थ सगळीकडे एकच: आसन, सिंहासन. आपली खुर्चीही तीच. पण वंशावळीला आसनाचे नाव का पडावे? इराणात तिला 'शजरेनामा' म्हणतात आणि शजर म्हणजे झाड. म्हणजे झाड तिकडचे झाले. मग आसन कुठून आले?

माझे उत्तर: आपल्याच चुलीपुढून. आजीच्या सैपाकघरात जे पिढं असायचे, चार बोटे उंच, बसून बसून मधोमध खोलगट झालेले, त्याच्याच नात्यातली आपली 'पिढी'. संस्कृत पीठ, पीठिका. त्यातून पिढं, पिढी आणि सावकाराची पेढीसुद्धा. हिंदीत तर आजही 'पीढ़ी' म्हणजे बसायचे ठेंगणे आसन आणि 'पीढ़ी' म्हणजे बाप-लेक-नातू यांतली एकेक पायरी. एका पिढ्यावरून बाप उठला की लेक बसतो. माझी खात्री आहे की फारसी लिहिणाऱ्या एखाद्या दफ्तरी कारकुनाने 'पीढी' ऐकली आणि तिचे सरळ भाषांतर ठोकले: कुर्सी. शाई फारसी आणि चित्र देशी, असा हा शब्द आहे. याला कागदी पुरावा मागू नका, पण तिसरा साक्षीदार देतो: गादी. राजा मेला की त्याची गादी 'चालवायला' कोणी लागतो. आमच्याकडे तेरवीला थोरल्या लेकाला पाटावर बसवून सोयरे पागोटे बांधतात, ते उभ्याने बांधलेले कोणी पाहिले आहे काय?

यावर आमच्या तालुक्यातले एक निवृत्त प्राध्यापक दर बैठकीत आडवे येतात. त्यांचे म्हणणे, पिढी 'पितृ'पासून. का, तर 'अर्थ जुळतो'. अर्थ तर पिठल्याशीही जुळवता येईल! शब्दातला ठ मऊ पडून ढ होतो: मठिकेची मढी झाली, 'पठ'चे पढणे झाले, तशी पीठिकेची पिढी. 'पितृ'मधल्या त-ऋचा ढ कोणत्या नियमाने होतो, ते सरांनी सांगावे. मी सात वर्षे वाट पाहतो आहे.

गादीवरून नागपूर आठवले. तिसरे रघुजी भोसले 1853 च्या डिसेंबरात वारले. पोटचा मुलगा नव्हता. घराण्याने घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा झाले. कुर्सीनाम्यातल्या एका तुटलेल्या रेघेवर एवढे मोठे राज्य गेले.

आणि युरोपात याच सुमारास राज्य गेलेल्यांच्याही वंशावळी दरसाल थाटात छापून येत होत्या. जर्मनीतल्या गोथा गावात 1763 पासून 'अल्मनाक' निघायचा. अल्मनाक म्हणजे पंचांग! खिशात मावणारे पंचांग, त्यात राजघराण्यांची जन्म-मरण-लग्ने घुसली आणि बघता बघता तिथी-वार बाजूला पडून घराणीच उरली. पुढे युस्टुस पेर्थेस या प्रकाशकाकडे ते आले. राज्यावर असलेली घराणी एका भागात. जर्मनीतली राज्य गेलेली पण मान राखून असलेली दुसऱ्या भागात. कोणाची लेक कोणाला शोभेल ते लोक त्यातच बघत. नेपोलियनने 1807 मध्ये तक्रार केली की गादी गेलेल्यांची नावे अजून का छापता. डलहौसीने राज्य घेतले, पण नावे छापू नका असे काही म्हटल्याचे ऐकिवात नाही. तेवढा तो बरा. गोथाचे हे पुस्तक 1944 पर्यंत निघत राहिले. लंडनला जॉन बर्कने 1826 मध्ये उमरावांची यादी आद्याक्षरांच्या क्रमाने लावली. सोय झाली, पण त्यात मजा कमी.

आपल्याकडे छापखान्याच्या आधी दगड होता. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये भोसल्यांचा वंशवृत्तांत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवला, तमिळ मुलुखात, देवनागरीत, मराठीत. आणि दगडाच्याही आधी गळा. आमच्या भागात परधान मंडळी गोंड घराण्यांची कुळे तारांच्या वाद्यावर गात आली. त्याला ना आवृत्ती, ना मुद्रणदोष.

मुद्रणदोष म्हणजे काय ते मी पाहिले आहे. एका जुन्या मालगुजार घराण्याने माझ्याकडून वंशावळ काढून घेतली आणि आर्ट पेपरवर छापली. मी दिलेल्या कागदावर सहा लेकी होत्या, छापील प्रतीत एकही नाही. सातबारावर लेकी आल्या, आर्ट पेपरवर अजून यायच्या आहेत.

अरे हो, 'पेडिग्री'. हा शब्द आता कुत्र्याच्या पिल्लापुरता उरला आहे. गोंदियाच्या बाजारात 'पेडिग्री आहे का?' म्हणजे बिस्किटांची पिशवी. त्याची जन्मकथा ऐका. जुन्या फ्रेंचमध्ये 'पिए द ग्र्यू', म्हणजे करकोच्याचा पाय. जुन्या वंशावळीत एका बापाखाली लेकरे दाखवायला तीन फाकलेल्या रेघा काढत, त्या पक्ष्याच्या पायासारख्या दिसत, म्हणून ते नाव. करकोच्याच्या कुळातला सर्वांत उंच पक्षी म्हणजे आमच्या गोंदियाचा सारस. रोवणीच्या दिवसांत भल्या सकाळी धानाच्या बांधीत जा. धुऱ्याजवळच्या गाळात सारस चालून गेलेला असतो. तीन लांब बोटे पुढे फाकलेली. मागचे बोट वर असल्यामुळे त्याचा ठसा नाही. मी पहिल्यांदा ते नीट पाहिले तेव्हा हसूच फुटले. वर एक बिंदू, खाली तीन रेघा: एक बाप, तीन लेकरे, फेरफाराला तयार.

प्रश्न राहिलाच. अर्जावर 'वंशावळ' लिहा. 'कुर्सीनामा' लिहाल तर खिडकीतला बाबू फर्निचरची यादी समजून कागद परत करेल. आजोबांचा कुर्सीनामा मात्र फेकू नका. त्यात 'लावल्द' हा शब्द कोणापुढे लिहिला आहे ते आधी बघा. दावा बहुधा तिथूनच पेटला असेल.