बांगडे, अंडी भरपूर खाल्ली तर मेंदूत सेरोटोनिन वाढेल का?

तुमचा हिशेब असा : माशांत, अंड्यांत ट्रिप्टोफॅन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) असतं, मेंदू त्यापासून सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) बनवतो, म्हणून ते भरपूर खावं. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तिसरी मात्र जुळत नाही.

बेतीहून पणजीला येणारी सकाळची फेरीबोट आठवा. रक्तातून मेंदूत शिरायला ट्रिप्टोफॅनला अशी एकच फेरी मिळते, आणि तीत ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन वगैरे दुसरी अमिनो आम्लंही चढतात. प्रथिनांत ट्रिप्टोफॅन जेमतेम १ टक्का. त्यामुळे बांगडा खाल्लात की त्याचा एक प्रवासी वाढतो आणि गर्दी करणारे वीस-पंचवीस!

उलट नुसता भात किंवा पाव खाल्ला तर इन्सुलिन या बाकीच्यांना स्नायूंकडे वळवतं. ट्रिप्टोफॅन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून रक्तातच राहतं आणि त्याला फेरीत जागा मिळते. उंदरांमध्ये हे फर्नस्ट्रॉम आणि वर्टमन या संशोधकांनी १९७१ साली दाखवलं. पण ताटात थोडं प्रथिन आलं तरी हा फरक पुसला जातो. आपलं जेवण तर शीत आणि हुमण (भात आणि माशांची आमटी), त्यामुळे याच्या भरवशावर गोड खात सुटू नका. केळ्यात तयार सेरोटोनिन असतं, पण ते मेंदूत शिरतच नाही.

डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचं आणखी वेगळं. ते टायरोसिनपासून बनतं. पण टायरोसिनवर काम करणारं एन्झाइम (रासायनिक बदल घडवणारं प्रथिन) एरवीच जवळजवळ भरलेलं असतं, म्हणून कच्चा माल वाढवून फारसं काही होत नाही.

ही फेरी मला कळली ती बाबांमुळे. त्यांना पार्किन्सन्स. लेवोडोपाची (मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या औषधाची) गोळी दुपारी जेवणाबरोबर घ्यायचे आणि मासळीचं जेवण झालं की दोन-तीन तास हात थरथरायचा. आम्हाला वाटायचं, डोस कमी पडतोय. डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘जेवणात काय होतं?’ लेवोडोपाही त्याच फेरीने जाते! गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची आणि मासळी रात्रीच्या ताटात, एवढ्या बदलाने दुपार सुसह्य झाली. तुमच्या घरी कुणी ही गोळी घेत असेल तर वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला.

आणि नैराश्यावरची औषधं चालू असतील तर दुकानात मिळणारं ५-एचटीपी (ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधल्या टप्प्याचा पदार्थ) स्वतःहून घेऊ नका. ते ट्रिप्टोफॅनवर काम करणारं पहिलं एन्झाइम टाळून पुढे जातं, आणि त्या औषधांबरोबर सेरोटोनिन धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.